बांच्या व्हॅनमधली थंडी

वैशाख आला की लोकांना काय काय आठवतं. मला उकडतं, एवढंच. पण परवा नात मला दवाखान्यात घेऊन गेली आणि परत येऊन तिनं गाडी सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या बिल्डिंगखाली लावली, तेव्हा गाडीच्या पोटाखालून पाण्याची बारीक धार लागली. शेजारची बाई वाकून बघत म्हणाली, गाडी फुटली की काय? नात म्हणाली, एसीचं पाणी आहे, होतं असं. बाईनं विचारलं, पण एसीत पाणी भरतं कोण? नातीनं माझ्याकडे बोट केलं. आजीला विचारा, आजी त्यातली आहे.

मी त्यातली आहे खरी. चौथी शिकले, पुढे भांडी घासली, पण एका उन्हाळ्यात मी एका व्हॅनच्या पोटाखाली इतकी लोळले की माझ्या लुगड्यांना ग्रीसचा वास येत असे. ते सत्तरच्या पुढचं कुठलंतरी साल होतं. साल मला सांगता येणार नाही. पेट्रोल नुकतंच भडकलं होतं आणि आम्ही ज्यांच्याकडे कामाला होतो ते शेठ उठताबसता त्याबद्दल बोलत, एवढं आठवतं.

तेव्हा एसी हा शब्द आमच्या तोंडात नव्हता. आम्ही थंडी म्हणायचो. थंडी चालू कर, थंडी बंद कर. जणू ती एक पाळलेली म्हैस होती, सोडली की यायची, बांधली की बसायची.

व्हॅन शेठच्या धाकट्या भावानं आफ्रिकेहून बोटीत घालून आणली होती. तिकडे ती बरीच वर्षं चालली होती, म्हणजे सुरतला उतरली तेव्हाच ती म्हातारी होती. फिका निळा रंग, दारं सरकवायला खांदा लावावा लागायचा. ड्रायव्हरच्या पायांवर एक काळी पेटी टांगलेली, तिला जाळीची तीन तोंडं. त्यातून थंडी यायची. आम्ही राहायचो त्या सगळ्या कतारगामात अशी दुसरी गाडी नव्हती. पुढे धाकटा भाऊ लंडनला गेला आणि व्हॅन आमच्या गळ्यात पडली. आमच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सुपडूच्या. तो शेठचा ड्रायव्हर. तो होता तोवर मी त्याचं नाव घेतलं नाही. आता तो नाही, तर घेते.

आम्ही अमळनेरकडचे. सुपडू सुरतेला मागावर काम करायला आला होता, मागाच्या आवाजानं डोकं उठायचं म्हणून ट्रक शिकला आणि मग शेठकडे लागला. बंगल्यामागच्या गॅरेजला लागून एक खोली मिळाली. मी बंगल्यात भांडी आणि झाडलोट करायची. शेठ जैन. त्यांची आई, बा, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या असतील. पाच फुटांच्या आतली बाई, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

त्या वर्षी बांनी वर्षीतप धरलं होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, पुन्हा उपास, असं वर्षभर आणि वर काही दिवस. उपासाच्या दिवशी फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. हे तप सुटतं अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसानं. बांना ते पारणं पालिताण्याच्या तीर्थालाच करायचं होतं, मुलाच्या हातून, डोंगराच्या पायथ्याशी. त्यासाठीच तर वर्ष काढलं, असं त्या म्हणायच्या.

आमच्या खानदेशात त्याच दिवसाला आखाजी म्हणतात. आखाजीला लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, आमरस खातात आणि सासूबद्दल मनात असेल ते गाण्यातून बोलून घेतात. मी दर वर्षी जायची. त्या वर्षीही माझी पिशवी भरलेली होती.

चैत्रात बा बारीक होत होत अगदी काडी झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, या उन्हात एवढा प्रवास नाही जमायचा. रेल्वेत नको, चढउतार आणि गर्दी आहे. रात्री गाडीनं न्या म्हणावं, तर रात्री बा पाणी पीत नाहीत आणि डॉक्टरांना वाटभर घोटघोट पाणी द्यायचं होतं. बंद, गार गाडीतून दिवसा नेत असाल तर न्या, नाहीतर घरी बसवा. शेठनं लगेच ठरवून टाकलं. व्हॅनची थंडी चालली तर पालिताणा, नाही चालली तर पारणं घरच्या ओसरीवर.  त्या दिवशी बांचं जेवण होतं, त्यातलं अर्धं त्यांनी पानात ठेवलं. बा पानात कधी टाकत नसत.

सुपडूनं दिवाळीनंतर थंडीच्या मशीनचा पट्टा काढून ठेवला होता. दर वर्षी ठेवायचा. पट्ट्याला पावडर लावायची, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायचा, ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात घालायचा. मशीनवर गोणपाट. आमच्याकडे वस्तू अशीच जपतात. हिवाळ्यात लागत नाही तर उगाच का झिजवायची. शेठही खूश असायचे, पेट्रोल वाचतं म्हणून.

चैत्रात पट्टा चढवला, इंजिन लावलं, बटण दाबलं. टक असा आवाज झाला, तो व्हायलाच हवा, तो झाला म्हणजे मशीननं पट्टा धरला. आणि जाळीतून गरम वारं आलं. सुपडूनं तिन्ही तोंडांपुढे हात धरून पाहिला. मग माझ्याकडे बघून अहिराणीत विचारलं, "थंडी कथी गयी वं?"

थंडी कुठे गेली. तो घाबरून विचारत होता, पण मला तो प्रश्न आवडला. अजूनही आवडतो. जी वस्तू दिसत नाही, वास येत नाही, ती गेली कुठे आणि कुठल्या वाटेनं?

शेठनं बर्फाच्या कारखान्यातून कासमचाचाला बोलावलं. कासमचाचा बोलका आणि थोडा बढाईखोर. कारखान्यातल्या मशीनमधला वायू नाकाला झोंबतो, गळला तर आंधळ्यालासुद्धा कळतं. गाडीतला वायू बिनवासाचा. चाचाचा त्याच्यावर मुळीच भरवसा नव्हता. ज्याला वास नाही तो वायू चोर असतो, असं तो म्हणाला आणि मला रिठे भिजवायला सांगितले. बांची लोकरी शाल मी रिठ्यात धुवायची, त्यामुळे फेस काढणं माझ्या हातचं होतं. त्यानं दाढीच्या ब्रशनं तो फेस एकेका सांध्यावर लावला आणि आम्ही तिघं माना वाकवून बघत बसलो. कुठेच काही नाही. मग मशीनचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे फेस लावला, आणि एक बुडबुडा हळूच वर आला. फुगला, फुटला. मागून दुसरा. मशीन श्वास घेतंय असं वाटलं मला.

चाचानं कारण सांगितलं. दांड्याभोवती एक सील असतं, ते तेलानं ओलं राहिलं तरच वायू अडवतं. तेल फिरतं मशीन फिरलं तर. हिवाळ्यातही आठवड्यातून थोडा वेळ थंडी चालवायला हवी होती. तुम्ही सहा महिने निजवून ठेवलीत, सील सुकलं, वायू निघून गेला.

"म्हणजे आम्ही जपली म्हणून बिघडली?" सुपडूनं विचारलं.

"जपली म्हणूनच."

सुपडू त्या दिवशी जेवला नाही. मला मात्र नवल वाटत राहिलं. माझ्या आईचं एक रेशमी लुगडं होतं, लग्नातलं. ते ती नेसलीच नाही, घडी करून ठेवलं. वीस वर्षांनी उलगडलं तर घडीवर फाटलेलं. नेसली असती तर काय झालं असतं? फार तर डाग पडले असते. वापरून झिजतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. न वापरूनही झिजतं, हे ठाऊक असूनही आपण विसरतो.

नवं सील मिळण्यासारखं नव्हतं. चाचानं जुनंच काढून तेलात बुडवून ठेवलं. त्याच्याबरोबरची पोलादी चकती घासलेली निघाली, तिच्यावर बारीक चर पडला होता. आमच्या गल्लीत हिरे घासणारे बसायचे. त्यांच्यातल्या एकानं हिऱ्याच्या भुकटीवर ती चकती गुळगुळीत करून दिली. दिली तेव्हा तीत मला माझा डोळा दिसला. हिरा घासून अंगठीत जातो, आमची चकती घासून गाडीच्या पोटात गेली.

मग वायू भरायचा दिवस. नळीच्या वाटेत एक छोटी काच असते, मशीनचा डोळाच म्हणा. वायू कमी असला की तिच्यात बुडबुडे धावतात. चाचा नळकांड्यातून वायू सोडत होता आणि मी त्या काचेला डोळा लावून होते. आधी दुधासारखा फेस, मग सोड्यासारखे थेंब, मग एखादा चुकार बुडबुडा, मग काहीच नाही. मी ओरडून सांगितलं, साफ झालं. हात लावला तर एक नळी तव्यासारखी तापलेली आणि तिच्या शेजारच्या नळीवर दव.

मी चाचाला विचारलं, थंडी बनते कशापासून? तो म्हणाला, थंडी बनत नसते जमनाबेन, आतली गरमी उचलायची आणि बाहेर टाकायची, एवढंच काम. माझं नाव यमुना, पण सुरतेनं मला जमना करून टाकलं होतं. मी गाडीच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिले. खरंच, तिथल्या जाळीतून भट्टीसारखा वारा येत होता. बांच्या सीटवरची गरमी ही. ती आता माझ्या तोंडावर होती. मग मी विचारलं, रस्त्यावर माझ्यासारखं कोणी उभं असलं तर त्यानं काय करायचं? चाचा म्हणाला, त्यानं बाजूला व्हायचं. मला हे उत्तर पटलं नाही. आता सुरतेत प्रत्येक खिडकीबाहेर एक पेटी गरमी ओकत असते, आणि बाजूला व्हायला जागा राहिली नाही.

ती पुढची जाळी साफ ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मागांच्या शेडमधले तंतू आणि धूळ तीत अडकून घट्ट लोकर व्हायची. पाणी मारायचं, मऊ ब्रश फिरवायचा. पत्र्याच्या पात्या कागदाइतक्या पातळ, बोट लागलं की वाकायच्या. त्या सरळ करायला मी उवा काढायची फणी घेतली. अगदी बरोबर बसली. सुपडू म्हणाला, गाडीला उवा झाल्या वाटतं.

आता जायला हरकत नव्हती. शेठ बायकामुलांना घेऊन दोन दिवस आधी रेल्वेनं जाणार, तिथली सोय करणार, मागून व्हॅनमध्ये बा. पण गाडी जराशी फिरवून आणली तर सुपडूच्या पायाशी पाणीच पाणी. पेटीत गारव्यानं जे पाणी धरतं ते एका नळीनं खाली पडायला हवं, ते पडत नव्हतं, आत सांडत होतं. सुपडूनं तार घेतली आणि गाडीखाली शिरला. बा ओसरीवर हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसल्या होत्या. काय टोचतोयस म्हणून त्यांनी तिथूनच विचारलं. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. म्हणाला, नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय.

हिंचका थांबला. बा काठी टेकत आल्या. त्यांना वाकवत नव्हतं, म्हणून मला खाली झोपून बघायला सांगितलं. मी पाठीवर पडून बघितलं. नळीचं तोंड ओल्या मातीनं अर्धं लिंपलेलं. तेवढ्यात ती आली, बारीक कमरेची, पायांत हिरवी अळी धरून. अळी अजून वळवळत होती. ती आत ठेवून माशी पुन्हा उडाली. मी बांना सगळं सांगितलं. तारेला हात लावायचा नाही, बा म्हणाल्या. आत तिची पिल्लं आहेत.

मला राहवलं नाही. विचारलं, बा, आणि ती अळी? ती जिवंत नाही का?

"अळीचं पाप त्या माशीचं," बा म्हणाल्या. "घर मोडायचं पाप माझं होईल. तिचं घर मोडून मला पारणं करायचं नाही."

शेठ चिडले. वर्षभराचं तप एका माशीपायी सोडणार का, मग बसा घरीच, असं बोलून आत गेले. सुपडू तार हातात घेऊन उभाच. त्याला घर मोडायचं नव्हतं आणि बांना घरी बसवायचंही नव्हतं. मी म्हटलं, घर मोडायला कशाला हवं, नळीच आख्खी काढा. नळी दोन पट्ट्यांनी तर अडकवलेली आहे. बांना पटलं, पण एक अट. तिचं काम अर्धं आहे, ते पुरं होऊ द्यायचं. तिनं तोंड लिंपून बंद केलं की मग काढा.

म्हणून आम्ही माशीसाठी थांबलो. आखाजी जवळ येत होती, शेठची तिकिटं निघाली होती आणि सगळा बंगला एका माशीच्या मुकादमासारखा वागत होता. मी भांडी घासता घासता गाडीखाली डोकावून यायची. सुपडू तर तिथेच खाट टाकून बसला. रागावलेले शेठसुद्धा चहाचा कप घेऊन बाहेर येत आणि दुसरीकडे बघत विचारत, झालं का तिचं? मी एवढं निवांतपणे काम करणारं कोणी पाहिलं नाही. मातीची एक गोळी आणायची, थापायची, पुन्हा जायची. आमच्या घाईशी तिला काय.

एका दुपारी तोंड बंद झालं. सुपडूनं सुईणीसारख्या हलक्या हातानं नळी सोडवली आणि गॅरेजच्या जाळीला सावलीत बांधली. आता दुसरी नळी हवी होती, तेवढ्याच मापाची. बांनीच आतून आणवली. त्यांच्या एनिमाच्या डब्याची रबरी नळी होती. घ्या म्हणाल्या, पोटात काही नाही, मला काय करायची आहे. सुपडूला ती हातात धरायची लाज वाटली, पण बसली झकास.

बांनी मला बरोबर यायला सांगितलं, वाटेत पाणी पाजायला. म्हणजे माझी आखाजी गेली. मला राग आला. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

आम्ही पहाटे निघालो, उजाडता उजाडता. तिघंच. मागच्या सीटवर बा, शाल आणि उकळलेल्या पाण्याचा पितळी तांब्या, शेजारी मी. ऊन वर आलं तशी सुपडूनं थंडी सोडली. अशी थंडी त्या व्हॅननं कधी दिली नसेल. भडोच आलं तोवर माझे गुडघे आखडले. बडोद्याला मी पदर कानांवरून घेतला. बोलले नाही. एवढी मेहनत बांसाठी केलेली, बांना गार लागायला हवं, माझ्या गुडघ्यांचं काय. सुपडू मध्येच एक हात काढून मांडीखाली दाबायचा. बा डोळे मिटून, शाल हनुवटीपर्यंत ओढून, ओठ हलवत होत्या. मला वाटलं नवकार मंत्र म्हणताहेत. मी वेळेवर पाणी द्यायची, त्या एक घोट घेऊन पुन्हा डोळे मिटायच्या. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडला होता.

धंधुक्याच्या पुढे रेल्वेचं फाटक लागलं. बंद. गाडी उभी राहिली की वारं लागत नाही, आणि थंडी चालू असली की इंजिन उकळायला लागतं. सुपडूची नजर इंजिनच्या गरमीच्या काट्यावर. काटा चढत गेला. शेवटी तो वळला. त्याचा चेहरा पडला होता. "बा, थोडा वेळ थंडी बंद करावी लागेल. नाहीतर गाडी इथेच राहील."

बांनी डोळे उघडले.

"बंद कर, भाई," त्या म्हणाल्या. "भगवाने सांभळ्युं." देवानं ऐकलं.

आम्हाला कळेना. मग त्या म्हणाल्या, भडोचपासून माझे दात वाजताहेत. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? "तुम्ही किती खपलात त्यासाठी. माशीसाठीसुद्धा थांबलात. कुठल्या तोंडानं सांगू?"

सुपडू म्हणाला, माझा उजवा पाय सकाळपासून आपला नाही. मी माझे गुडघे दाखवले. बा हसायला लागल्या. उपासानं त्यांना आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. आम्ही काचा उघडल्या. वैशाखातली झळ आत आली, बाभळीचा, धुळीचा, बकऱ्यांचा वास घेऊन, आणि तिघंही तिच्यापुढे हात धरून बसलो, शेकोटीपुढे बसावं तसे. डॉक्टरांनी गाडी गार ठेवा म्हणून सांगितलं होतं. किती, ते कोणी विचारलंच नव्हतं. अंगावर मांस नसलेल्या बाईला आमच्यापेक्षा लवकर थंडी वाजणार, हे तिघांतल्या एकालाही सुचलं नव्हतं.

फाटक उघडल्यावर आम्ही शहाण्यासारखे वागलो. बा एक बोट वर करायच्या, सुपडू थंडी सोडायचा. बोट खाली, बंद. सूर्य टेकायच्या आत पालिताणा आलं आणि बा त्या दिवसाचं शेवटचं पाणी तिथे पोहोचून प्यायल्या.

आखाजीच्या दिवशी शेठनं आईला छोट्या मडक्यातून उसाचा रस पाजला.  शेठकडून रस थोडा सांडला. आजूबाजूला शेकडो म्हाताऱ्या तसाच रस पीत होत्या, बँड वाजत होते. मी लांबून बघितलं. माझ्या माहेरी त्या वेळी झोके चालले असतील, ते मनात होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. शेठनं बांना मागे बसवलं, त्या उतरून पुढे सुपडूच्या शेजारी जाऊन बसल्या. चपला काढल्या, पाय वर घेतले आणि म्हणाल्या, चालू कर, पूर्ण. सुपडूनं विचारलं, बा, नक्की? म्हणाल्या, आता पोटात काहीतरी आहे, आता बघू दे तुमची थंडी असते तरी कशी.

टक असा आवाज झाला. बांनी जाळीपुढे तळहात धरला, मग उलटा केला, मग पुन्हा सुलटा, भाकरी शेकतात तसा. हे येतं कुठून, जातं कुठे, पाणी कुठलं, सगळं त्यांनी सुपडूला विचारायला सुरुवात केली. त्याला येईना तिथे मी मागून सांगत होते. मला येईना तिथे कोणीच सांगत नव्हतं, आणि बांचं विचारणं थांबत नव्हतं. सुरत येईपर्यंत त्यांनी थंडी बंद करू दिली नाही. मी मागे दोन शाली पांघरून बसले होते, एक माझी आणि एक त्यांची.